रायपुरातील ‘चेरी’ : ओळख पानाच्या देठावर

फेब्रुवारी-मार्चमध्ये रायपूरसारख्या शहरांत रस्त्याकडेची काही झाडे पाने गाळतात आणि गुलाबी फुलांनी भरून जातात. त्यांची छायाचित्रे ‘चेरी ब्लॉसम’ म्हणून फिरू लागतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर रोपवाटिकांत त्याच नावाने रोपांची विचारणा होते. हाती आलेले रोप टॅबेबुयाचे असले, तर फसगत नावापुरतीच. झाड निदान फुलते तरी. परंतु महागडे कलम खऱ्या जपानी चेरीचे असेल, तर नाव खरे ठरूनही फूल दिसत नाही.

रोपवाटिकेत फुले नसतात, म्हणून ओळख पानावरूनच पटवावी लागते. टॅबेबुयाचे पान हाताच्या पंजासारखे, बहुधा पाच पर्णिकांचे असते आणि पाने समोरासमोर येतात. मुंबईच्या पूर्व द्रुतगती महामार्गावर विक्रोळीजवळ फुलणारी ‘बसंत रानी’ ती हीच. मूळची मध्य व दक्षिण अमेरिकेतील. गुलाबी बहाव्याचे पान चिंचेप्रमाणे अनेक पर्णिकांच्या जोड्यांचे असते. बांधावरचे गिरिपुष्पही या दिवसांत गुलाबी दिसते, पण त्याचे फूल वाटाणावर्गीय आहे, हे शेतकऱ्यास सांगावे लागत नाही.

चेरीचे पान साधे, एकाआड एक येणारे, टोकदार आणि करवतीसारख्या दातेरी कडांचे असते. देठाच्या वरच्या टोकाशी, पाते सुरू होते तेथे, मोहरीहून लहान अशा बहुधा दोन ग्रंथी दिसतात. भिंगाची गरज सहसा पडत नाही. या मधुग्रंथी होत. कोवळ्या पानावर त्यांतून गोड स्राव पाझरतो, त्यासाठी मुंग्या येतात आणि येता-जाता लहान अळ्याही उचलून नेतात. अमेरिकेतील काळ्या चेरीवर १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले, की कळ्या उमलल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत, म्हणजे तंबू करणाऱ्या अळ्या अजून मुंगीच्या आवाक्यातल्या असतात तेव्हाच, हा स्राव सर्वाधिक असतो. अशा ग्रंथी आडूच्या पानावरही असतात. म्हणून खोड पाहावे. चेरीच्या गुळगुळीत सालीवर आडव्या रेघांसारखी रंध्रे उठून दिसतात. पुढे फुले आलीच, तर ती लांब देठांच्या झुबक्यांत येतात व प्रत्येक पाकळीच्या टोकाला खाच असते.

खरी चेरी येथे का फुलत नाही? तिच्या कळ्यांची सुप्तावस्था मोडण्यास हिवाळ्यात सुमारे ७ अंश सेल्सिअसखालील थंडी शेकडो तास मिळावी लागते. रायपुरात डिसेंबर-जानेवारीचे सरासरी किमान तापमान १२ ते १४ अंशांच्या आसपास असते. मेमध्ये पारा ४२ अंशांपलीकडे जातो. त्यातच कन्हार जमिनीत पावसाळ्यात पाणी साचते आणि चेरीच्या मुळांना ते मुळीच सोसत नाही. ताणातल्या झाडाच्या खोडातून डिंक वाहू लागतो. गोंदिया-भंडाऱ्याची स्थिती फारशी वेगळी नाही.

भारतात चेरीचा बहर पाहायचा तर हिमालयात किंवा मेघालयात जावे. तेथील पद्मकाष्ठ ही आपलीच रानचेरी शरदाच्या अखेरीस फुलते आणि फुलोऱ्याच्या टंचाईत मधमाश्यांना आधार देते. शिलाँगचा नोव्हेंबरातील चेरी महोत्सव २०१६ पासून तिच्याच जोरावर भरतो. थंड डोंगरउतारावर, निचऱ्याच्या जमिनीत व पूर्ण उन्हात ती लावावी. कलम असल्यास जोड मातीवर ठेवावा. छाटणी शक्यतो टाळावी, कारण जखमेतून कूज शिरते. चेरी छाटणारा मूर्ख, अशी म्हण जपानात आहे ती उगाच नव्हे.

जपानहून परतताना कुणी सामानात चार काड्या आणतो. येथे प्रश्न केवळ हौसेचा उरत नाही. जानेवारी १९१० मध्ये टोकियोने भेट दिलेली २,००० चेरीची झाडे वॉशिंग्टनला पोहोचली. कृषी खात्याच्या तपासणीत त्यांवर किडी, सूत्रकृमी व रोग आढळले आणि राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांच्या संमतीने २८ जानेवारीला ती जाळण्यात आली. राजनैतिक भेट जाळणे सोपे नव्हते. जपानने राग न धरता काळजीपूर्वक वाढवलेली ३,०२० झाडे पाठवली. ती मार्च १९१२ मध्ये पोहोचली. त्याच वर्षी अमेरिकेत वनस्पती क्वारंटाइन कायदा झाला. भारताचा विनाशकारी कीटक व कीड कायदा १९१४ चा. आज २००३ च्या आदेशानुसार आयात परवाना व निर्यातदार देशाचे वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र यांवाचून अशी काडी आणता येत नाही. जपानातच २०१२ पासून लाल मानेचा खोडकिडा चेरीची झाडे पोखरत आहे. त्याच्या अळ्या लाकडात दडतात आणि आडू-अलुबुखारही त्यांना चालतात.

गुलाबी फुलेच हवी असतील, तर रायपुरात गुलाबी बहावा लावावा. तो उन्हाळा सोसतो. शेताच्या कडेला जागा असेल, तर पळस अधिक बरा. त्यावर रंगीनी लाखेचे बीज चढवता येते. मात्र बीजलाख बांधण्यापूर्वी तिच्यात लाखभक्षक पतंगाच्या अळ्या नाहीत, याची खात्री करून घ्यावी.