चूक सापडली की प्रोग्राम थांबवा, पण कारण सांगून!

समजा, मुलांनी पायथनमध्ये निकालपत्रकाचा प्रोग्राम लिहिला आणि कुणीतरी १०० पैकी १०५ गुण भरले. प्रोग्राम तसाच पुढे गेला तर चुकीची टक्केवारी पालकांच्या हाती पडणार. म्हणून आधी 'इफ'ने गुण तपासायचे. जास्त असतील तर 'सिस' मॉड्यूलमधल्या 'एक्झिट' फंक्शनच्या कंसात आपला संदेश अवतरणचिन्हांत द्यायचा: "रोल नंबर १२: गुण १०० पेक्षा जास्त आहेत, पुन्हा तपासा." हा संदेश स्क्रीनवर दिसतो, प्रोग्राम तिथेच थांबतो आणि संगणकाला १ हा कोड मिळतो. कंस रिकामा ठेवलात तर ० जातो, म्हणजे 'सगळं ठीक'! मुलांना एवढंच सांगा, नुसतं 'चूक आहे' लिहू नका. कुठे चुकलं आणि आता काय करायचं, तेही लिहा.