मेंढपाळाची काठी, कारागिराचं नाव

वाशी-नेरूळकडच्या एखाद्या चर्चमध्ये बिशप येणार असले, की मिरवणुकीत नजर आधी जाते ती त्यांच्या हातातल्या काठीवर. नवी मुंबईत ही काठी दोन घडणींची पाहायला मिळते. लॅटिन पंथाच्या कॅथलिक बिशपांच्या काठीचा माथा वेटोळं घेत आत वळतो. मलंकरा ऑर्थोडॉक्स बिशपांच्या काठीवर समोरासमोर तोंड केलेले दोन साप असतात आणि त्यांच्या मध्ये क्रूस. १९७० साली सिडको आली, खाडीकाठी शहर वसलं, आणि केरळातून आलेल्या कुटुंबांनी आपली उपासनाही सोबत आणली. त्यामुळे ख्रिस्ती जगाच्या पश्चिम आणि पूर्व शाखा इथे शेजारी शेजारी नांदतात.

वळलेल्या माथ्याचं मूळ मेंढपाळाच्या काठीत आहे. आपल्याकडचा धनगर बाभळीची फांदी आकडीने खाली ओढतो, तशीच ती कामाची वस्तू. येशूने स्वतःला उत्तम मेंढपाळ म्हटलं, म्हणून कळप राखण्याची जबाबदारी ज्याच्यावर, त्याच्या हाती काठी आली. सापांचा धागा मोशेकडे जातो. वाळवंटात सर्पदंश झालेल्यांनी पाहावं आणि वाचावं म्हणून त्याने खांबावर पितळी साप उभारला होता.

ही काठी मिरवण्याचे नियम बारीक आहेत. लॅटिन विधीत बिशप ती डाव्या हातात धरतात, कारण आशीर्वाद उजव्या हाताने द्यायचा असतो. वळणाची उघडी बाजू लोकांकडे असते. काठी सांभाळणारा सेवक खांद्यावरच्या वस्त्राच्या टोकानेच ती धरतो, उघडा हात लावत नाही. दुसऱ्याच्या धर्मप्रांतात ती हाती घ्यायची, तर तिथल्या बिशपांची संमती लागते. संग्रहालयाच्या काचेमागे यातलं काहीच दिसत नाही. तिथे उरतो धातू, मिना आणि नक्षी.

आणि नक्षी तरी किती! फ्रान्समधल्या लिमोज गावी बाराव्या-तेराव्या शतकांत तांब्यात खाचे कोरून त्यात रंगीत काचेची पूड भरत, भट्टीत वितळवत, घासून सपाट करत आणि उरलेल्या तांब्यावर सोन्याचा मुलामा चढवत. तिथल्या कित्येक काठ्यांचं वेटोळं म्हणजे सापाचंच अंग, आणि त्या वेटोळ्यात देवदूत मरियेला शुभवार्ता सांगताना दिसतो. बिशपांसोबत त्या थडग्यात पुरल्या गेल्या, म्हणून बऱ्याच वाचल्या.

माझ्या मते या सगळ्यांत मोलाची आहे ती आयर्लंडची लिस्मोर काठी, आता डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयात असलेली. १८१४ साली लिस्मोरच्या किल्ल्याची दुरुस्ती चालू असताना बुजवलेल्या दारात ती एका जुन्या हस्तलिखितासह सापडली. आत लाकूड, वरून तांब्याच्या मिश्रधातूचे पत्रे, निळ्या काचेचे खडे, वळणाच्या पाठीवर जबडे वासलेले प्राणी. इ. स. ११०० च्या सुमारास घडलेल्या या काठीवर प्रार्थनेची विनंती कोरली आहे. ती बिशप नियाल यांच्यासाठी आहे, आणि काठी घडवणाऱ्या नेखतानसाठीही. नऊ शतकांपूर्वीच्या त्या कारागिराला मालकाच्या जोडीने जागा मिळाली.

गोव्यात नेमकी हीच जागा रिकामी आहे. सतराव्या शतकात तिथल्या कारागिरांनी हस्तिदंतात बाळयेशू मेंढपाळाच्या रूपात कोरला: गाल हातावर टेकून डोळे मिटलेला, कमरेला भोपळा, अवतीभोवती मेंढरं, खाली झरा, आणि पायथ्याच्या गुहेत पुस्तक घेऊन पहुडलेली मरिया मग्दालिया. बिशपच्या काठीमागची कल्पना भारतीय हातांनी याहून सुंदर क्वचितच घडवली असेल. जुन्या गोव्यातल्या सांता मोनिका मठात ख्रिस्ती कलेचं संग्रहालय आहे. तिथल्या वस्तूंसमोर उभं राहिलं, की हे काम कुणाचं, हा प्रश्न सोडत नाही. या मूर्ती युरोपात पोचल्या, मोठ्या संग्रहांत गेल्या. कोरणाऱ्यांची नावं सोबत गेली नाहीत.

नवी मुंबईतली लॅटिन चर्चेस ज्या मुंबई धर्मप्रांतात येतात, त्याचं स्वतःचं वारसा संग्रहालय गोरेगावच्या सेमिनरीच्या आवारात आहे. आज विधीत मिरवणाऱ्या काठ्याही कधीतरी अशाच एखाद्या दालनात जातील. काठी कुणाला, कुणी, कधी अर्पण केली, एवढी नोंद बहुधा होते. तिच्याच शेजारी ती कुणी आणि कुठल्या गावी घडवली, हेही लिहून ठेवावं. घडवणारे हयात आहेत तोवर त्यासाठी एक फोन पुरेसा आहे.