हरवलेले नाणे शोधणारी स्त्री

येशू जकातदारांच्या व पापी लोकांच्या पंगतीला बसतो, अशी परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोरपणे पाळणारे यहुदी, कुरकुर करू लागले, तेव्हा त्याने सांगितलेला एक लहानसा दाखला, म्हणजे बोधकथा, लूककृत शुभवर्तमानाच्या 15व्या अध्यायात आहे. दहापैकी एक द्राख्मा हरवलेली स्त्री दिवा लावते, घर झाडते आणि नाणे सापडेपर्यंत थांबत नाही. द्राख्मा हे साधारण दिवसभराच्या मजुरीएवढे चांदीचे नाणे होते आणि गरिबांची घरे अंधारी असत, हे ध्यानात घेतले की तिच्या चिकाटीचा अर्थ उलगडतो. शोध घेणाऱ्या देवाचे चित्र येथे केर काढणाऱ्या बाईच्या रूपात रंगवले आहे, आणि हेच या दाखल्याचे खरे धाडस होय. याच अध्यायातील आधीच्या दाखल्यातले हरवलेले मेंढरू निदान ओरडते. नाण्याला तेही जमत नाही. उधळ्या पुत्राच्या कथेआधीची ही तीन वचने, 8 ते 10, वाचकांनी आवर्जून वाचावीत.