हेलो मालिकेतील साधनसंच पद्धती

हेलो या विज्ञानकथात्मक नेमबाजी व्हिडिओ गेम मालिकेत खेळाडूने सामन्यात उतरताना सोबत कोणती शस्त्रे, हातबॉम्ब व इतर उपकरणे घ्यावीत हे ठरवणाऱ्या नियमांच्या समूहाला साधनसंच पद्धती म्हणता येईल. खेळाडूंमध्ये यासाठी 'लोडआउट' हा शब्द रूढ आहे. मालिकेचा पहिला भाग २००१ साली एक्सबॉक्स या यंत्रासाठी प्रसिद्ध झाला. तेव्हापासून ही पद्धती अनेकदा बदलली असून प्रत्येक बदलामागे एकच वाद आहे: सर्वांनी सारख्याच साधनांनिशी मैदानात उतरावे, की प्रत्येकाने आपापल्या पसंतीची साधने घेऊन यावे?

संज्ञा

'शस्त्रसंच' हा शब्द येथे अपुरा पडतो, कारण संचात शस्त्रांबरोबर उडण्याचे यंत्र, अदृश्य होण्याची क्षमता, जादा दारूगोळा अशाही गोष्टी असतात. म्हणून या लेखात 'साधनसंच' हा शब्द वापरला आहे. मूळ कल्पना मराठी वाचकाला परकी नाही. मराठ्यांच्या घोडदळात बारगीर आणि शिलेदार असे दोन प्रकारचे स्वार असत. बारगिराला घोडा व हत्यार सरकारातून मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा व स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीस येई. बारगिरांच्या तुकडीत सर्वांची सामग्री साधारण सारखी असे, तर शिलेदाराची सामग्री त्याच्या ऐपतीवर आणि आवडीवर अवलंबून राही. १७६० साली उदगीर-औसा परिसरात निजामाविरुद्ध झालेल्या लढाईत मराठ्यांच्या बाजूने लढलेली इब्राहिमखान गारद्याची कवायती फौज ही सारख्या सामग्रीच्या तत्त्वाचे आणखी पुढचे रूप होती. हेलो मालिकेचा प्रवास बारगिरीकडून शिलेदारीकडे आणि पुन्हा बारगिरीकडे झाला, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

समान आरंभाचा काळ

पहिले तीन मुख्य भाग बंजी या अमेरिकी कंपनीने तयार केले. पहिल्या भागाने दोन नियम घालून दिले. खेळाडूला एका वेळी दोनच शस्त्रे बाळगता येत; तिसरे हवे असल्यास हातातले एक टाकावे लागे. शिवाय हातबॉम्ब फेकणे आणि जवळून प्रहार करणे यांसाठी वेगळी कळ असल्याने बंदूक खाली न ठेवता या दोन्ही गोष्टी करता येत. त्या काळातील अनेक नेमबाजी खेळांत खेळाडू डझनभर शस्त्रे घेऊन फिरत असे. हेलोने ही चैन काढून घेतली आणि निवडीला महत्त्व आणले.

बहुखेळाडू सामन्यांत सर्वांना आरंभी तीच शस्त्रे मिळत. रॉकेट लाँचरसारखी प्रबळ शस्त्रे मैदानातील ठरलेल्या जागी, ठराविक अंतराने प्रकट होत. त्यामुळे जागा आणि वेळ ध्यानात ठेवणे हे नेमबाजीइतकेच मोलाचे कौशल्य ठरले. समोरच्या खेळाडूच्या हाती काय असू शकेल याचा अंदाजही बांधता येई: रॉकेट लाँचर नुकताच कोणी उचलला आहे हे ठाऊक असलेला संघ त्यानुसार सावध होई.

२००७ सालच्या हेलो ३ मध्ये 'उपकरणे' हा नवा वर्ग आला. गोळ्या अडवणारा घुमटाकार पडदा, ऊर्जाकवच शोषून घेणारे यंत्र, वर उडवणारा झोत, सुरुंग अशी ही साधने होती. तीही मैदानातूनच उचलावी लागत आणि एकदाच वापरता येत. आरंभाची समानता त्यामुळे ढळली नाही.

हेलो: रीच

त्याच वर्षी, २००७ मध्ये, कॉल ऑफ ड्यूटी मालिकेच्या चौथ्या भागाने खेळाडूला स्वतःचा संच आधीच रचून ठेवण्याची मुभा दिली. ही कल्पना अतिशय लोकप्रिय झाली आणि पुढील अनेक नेमबाजी खेळांनी ती उचलली. बंजीने १४ सप्टेंबर २०१० रोजी प्रसिद्ध केलेल्या हेलो: रीचमध्ये तिचे मर्यादित रूप दिसते. सामन्याच्या आरंभी व प्रत्येक मृत्यूनंतर खेळाडूपुढे काही तयार संच येत. त्यांतून एक निवडावा लागे. संच खेळाच्या नियमांनी ठरवलेले असल्याने ते सर्वांना सारखेच उपलब्ध होते. त्यांतील मुख्य फरक चिलखत क्षमतेचा असे: वेगाने धावणे, पाठीवरील यंत्राने उडणे, अदृश्य होणे, स्वतःची फसवी प्रतिमा सोडणे, किंवा काही क्षण जागीच अभेद्य होणे.

यांतील शेवटची क्षमता सर्वाधिक वादग्रस्त ठरली. अंगाला चिकटलेला हातबॉम्बदेखील ती झटकून टाकत असे, म्हणजे प्रतिस्पर्ध्याने अचूक साधलेला डाव एका कळीने वाया जाई. मालिकेची सूत्रे ३४३ इंडस्ट्रीजकडे गेल्यावर २०११ च्या सुधारणेत ही क्षमता क्षीण करण्यात आली.

रीचमधील 'इन्व्हेजन' या प्रकारात मात्र संचपद्धती चांगली शोभली. तेथे स्पार्टन व एलिट असे दोन भिन्न पक्ष असतात आणि सामना टप्प्याटप्प्याने पुढे सरकतो तसतसे अधिक प्रबळ संच खुले होतात. पक्ष मुळातच असमान असल्याने समानतेची अपेक्षा तेथे नव्हती.

हेलो ४

६ नोव्हेंबर २०१२ रोजी आलेल्या हेलो ४ मध्ये ही पद्धती पूर्णत्वास गेली. आता संच खेळाडूने स्वतः रचायचा होता. त्यात सहा स्थाने होती: मुख्य शस्त्र, दुय्यम शस्त्र, हातबॉम्बचा प्रकार, चिलखत क्षमता, आणि दोन सहायक सुधारणा. सहायक सुधारणांमुळे न थकता धावणे, शस्त्र लवकर भरणे किंवा जादा दारूगोळा मिळणे असे लाभ होत. हे सर्व पहिल्या दिवशी खुले नसे. सामने खेळून श्रेणी वाढवावी लागे आणि मिळालेले गुण खर्चून एकेक वस्तू सोडवून घ्यावी लागे. शिवाय सामन्यात पुरेसे गुण मिळवणाऱ्याला आकाशातून शस्त्रपुरवठा मागवता येई; तीन पर्यायांतून एक निवडायचा असे.

या पद्धतीचा परिणाम समजून घेण्यासाठी प्लाझ्मा पिस्तुलाचे उदाहरण पुरेसे आहे. त्याची साठवून सोडलेली गोळी प्रतिस्पर्ध्याचे ऊर्जाकवच एका फटक्यात उतरवते आणि वाहन बंद पाडते. पूर्वी ते मैदानातून मिळवावे लागे. रणगाडा चालवणाऱ्याला धोक्याची दिशा ठाऊक असे. हेलो ४ मध्ये ते दुय्यम शस्त्र म्हणून कोणालाही घेता येऊ लागले. त्याच्या जोडीला चिकटणारे प्लाझ्मा हातबॉम्बही संचात मिळाल्याने वाहन ही जोखमीची गोष्ट झाली. बोल्टशॉट हे दुसरे छोटे शस्त्र साठवून झाडल्यास जवळच्या अंतरावर एका फटक्यात जीव घेई. म्हणजे प्रत्येक कोपऱ्यामागे जणू शॉटगन दडलेली असण्याची शक्यता होती. २०१३ च्या शस्त्रसुधारणेत त्याचा पल्ला कमी केला गेला.

टीकाकारांचा मुख्य आक्षेप शस्त्रांच्या बळापेक्षा माहितीच्या अभावावर होता, आणि तो अधिक वजनदार वाटतो. बुद्धिबळात समोरच्याची सोंगटी दिसते. येथे प्रतिस्पर्ध्याच्या संचात काय आहे हे बहुधा त्याचा मार खाल्ल्यावरच कळे. समर्थकांचे म्हणणेही दुर्लक्षिण्याजोगे नाही: मैदानातील शस्त्रांच्या जागा पाठ नसलेल्या नवख्या खेळाडूला स्वतःचा संच हा आधार होता, आणि श्रेणीबरोबर काहीतरी नवे मिळत राहिल्याने खेळत राहण्यास कारण मिळे. परंतु त्याच श्रेणीपद्धतीमुळे नवख्याकडे सुरुवातीस कमी पर्याय असत, ही यातील विसंगती होय.

हेलो ५ आणि नंतर

२७ ऑक्टोबर २०१५ रोजी आलेल्या हेलो ५: गार्डियन्सच्या 'अरीना' सामन्यांत वैयक्तिक संच काढून टाकले गेले. धावणे, झेपावणे, कडेला लटकून वर चढणे या हालचाली सर्वांना समान मिळाल्या. प्रत्येक बाजूस बारा खेळाडू असलेल्या 'वॉरझोन' प्रकारात मात्र पत्त्यांची पद्धती आली. प्रबळ शस्त्राचा किंवा वाहनाचा पत्ता एकदा वापरला की संपे. पत्त्यांचे पुडके खेळून मिळवलेल्या गुणांनी घेता येई, तसेच खऱ्या पैशांनीही. शिलेदाराच्या ऐपतीचा प्रश्न येथे खेळात शब्दशः उतरला, आणि त्यावर टीकाही झाली.

२०२१ सालच्या हेलो इन्फिनिटने बहुखेळाडू विभाग विनामूल्य केला आणि विक्री चिलखताच्या रूपरंगापुरती ठेवली. नेहमीच्या सामन्यांत सर्वांचा आरंभ सारख्याच शस्त्रांनी होतो. उपकरणे हेलो ३ प्रमाणे मैदानातून उचलावी लागतात. फरक इतकाच की ती अनेकदा वापरता येतात. आकड्याच्या दोरीने खेळाडू स्वतःला उंचीवर खेचतो किंवा दूरचे शस्त्र आपल्याकडे ओढतो. प्रतिक्षेपकाने अंगावर येणारे रॉकेटही परतवता येते. उपकरण बाळगणारा मेला की ते जमिनीवर पडते आणि दुसऱ्याला मिळू शकते.

महाराष्ट्रातील संबंधित निर्मिती

पुण्याच्या सुपरगेमिंग या कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये मोबाइल फोनसाठी प्रसिद्ध केलेला इंडस हा भारतीय धाटणीच्या भविष्यकाळात घडणारा नेमबाजी खेळ आहे. तो 'बॅटल रॉयल' प्रकारातील असल्याने विरलोक या कल्पित भूमीवर उतरणारा खेळाडू रिकाम्या हाताने आरंभ करतो आणि संच जमिनीवरून गोळा करतो. कॉस्मियम नावाचे द्रव्य हस्तगत करूनही तेथे सामना जिंकता येतो. त्यामुळे केवळ सर्वांत मोठा शस्त्रसाठा जमवणाऱ्याचीच सरशी होते असे नाही.