शुक्रवारची मंडळी आणि आमच्याकडील बेंजो

विलायतेत ऑक्सफर्डपासून काही मैलांवर ॲबिंग्डन नावाचे एक गाव आहे. तेथील मुलांच्या शाळेत १९८५ च्या सुमारास पाच विद्यार्थ्यांनी एक वाद्यमेळ जमविला. शाळेच्या संगीताच्या खोलीत त्यांची तालीम शुक्रवारी चाले, म्हणून मेळाचे नावही त्यांनी ‘ऑन ए फ्रायडे’, म्हणजे सरळ ‘शुक्रवारी’ असेच ठेवले. नाव शोधण्यात फारशी बुद्धी खर्च झाली नाही हे उघड आहे. पुढे १९९१ साली एका मोठ्या ध्वनिमुद्रण कंपनीशी करार झाला, तेव्हा ते बदलून ‘रेडिओहेड’ करण्यात आले, आणि याच नावाने हा मेळ जगभर गाजला. ज्या घरांत कॉलेजात जाणारी मुले आहेत, तेथील वडील मंडळींच्या कानांवरून हे नाव निदान एकदा गेले असेल. त्यांच्या संगीतास ‘ऑल्टरनेटिव्ह रॉक’ म्हणतात. बाजारात खपणाऱ्या ठरीव गाण्यांची वाट सोडून गिटारीच्या कल्लोळातून मनाची तगमग बोलून दाखविणारे संगीत, एवढा अर्थ आपल्यापुरता पुरे.

या मेळाची हकीकत माझ्या पुतण्याने मला सांगितली, आणि तिच्यातील एक लहानशी गोष्ट माझ्या मनात घर करून राहिली. पाचांपैकी जॉनी ग्रीनवुड हा सर्वांत धाकटा. त्याचा वडील भाऊ कॉलिन हा मेळात होता, म्हणून हाही मागे मागे येऊन बसे. पुढे त्याला कीबोर्डवर बसविण्यात आले. परंतु आपल्याला अद्याप वाजविता येत नाही हे इतरांस कळू नये म्हणून त्याने कित्येक महिने त्या वाद्याचा आवाज बंद ठेवूनच नुसती बोटे फिरविली, व घरी जाऊन स्वर बसविले, असे त्याने स्वतःच मुलाखतीत सांगितले आहे. हाच धाकटा पुढे मेळाचा मुख्य गिटारवादक झाला.

शाळा संपल्यावर मुले निरनिराळ्या विद्यापीठांत गेली. एक तर केंब्रिजला इंग्रजी वाङ्मय शिकत होता. परंतु सुटीत घरी आले की तालीम होई. म्हणजे १९८५ पासून १९९१ पर्यंत सुमारे सहा वर्षे जगाला ज्यांचे नावही ठाऊक नाही अशी ही मुले केवळ आपल्या हौसेने एकत्र येत राहिली. १९९२ साली त्यांचे ‘क्रीप’ हे गाणे निघाले. स्वदेशात प्रथम त्याला कोणी फारसे विचारले नाही. इस्रायलमध्ये ते रेडिओवरून गाजले, अमेरिकेत गाजले, आणि मग १९९३ साली इंग्लंडास आपल्या मुलांची आठवण झाली! १९९७ सालच्या ‘ओके कॉम्प्युटर’ या संग्रहाने त्यांची कीर्ती कायम झाली. २००७ साली तर त्यांनी आपला नवा संग्रह इंटरनेटवर ठेवून ‘तुम्हांस वाटेल ती किंमत द्या’ असे श्रोत्यांसच सांगितले.

पुतण्याने हे सर्व सांगण्यामागे हेतू होता, तो मागाहून कळला. त्याला एका मेळात शिरावयाचे होते. मेळ मात्र गिटारीचा नव्हता. तो आमच्या रोह्याच्या शेजारच्या गावातील एक बेंजो-पार्टी होती.

मुंबई-पुण्याकडील काही वाचकांस बेंजो म्हणजे काय हे कदाचित ठाऊक नसेल. अमेरिकेतील बँजोशी याचा नावापुरताच संबंध. हे वाद्य म्हणजे आपला बुलबुलतरंग: लांबट लाकडी पेटी, तिच्यावर तारा, आणि त्या तारा दाबण्यासाठी टंकलेखनयंत्रासारख्या कळा. डाव्या हाताने कळा दाबावयाच्या आणि उजव्या हातातील नखीने तारा छेडावयाच्या. याचे मूळ जपानात आहे. नागोया शहरी गोरो मोरिता या गृहस्थाने १९१२ साली ते सिद्ध केले, आणि त्याच वर्षी सुरू झालेल्या ताइशो राजवटीवरून त्यास ‘ताइशोगोतो’ हे नाव पडले. ते हिंदुस्थानात आले आणि येथलेच झाले. कोकणात व मुंबईच्या वाड्यांत त्याच्या तारांखाली विजेचा ग्राहक बसविला गेला, तो ध्वनिवर्धकास जोडला गेला, आणि जे वाद्य दिवाणखान्यात जेमतेम ऐकू येई ते मिरवणुकीच्या अग्रभागी जाऊन बसले. गायक बहुधा नसतोच. शब्दांचे काम बेंजो करतो. भोवती ढोल, ताशा, ढोलकी, अलीकडे कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड. कोळीगीत, आरती, चित्रपटातील चाल, जे मागाल ते वाजते.

पेण हे गणपतीच्या मूर्तींचे गाव. पेण शहर, हमरापूर, जोहे येथील कारखान्यांतून मूर्ती बाहेर पडू लागल्या की या तालुक्यांतील बेंजोवाल्यांचाही हंगाम सुरू होतो. कोणी सुपारी दिली, कोणाची किती ठरली, टेंपो कोणाचा, हीच चर्चा. आगमन, विसर्जन, पुढे नवरात्र, मग लग्नसराईतील हळदी. वर्षाचे उरलेले दिवस ही मुले शेतावर, होडीवर, किंवा धाटाव-नागोठण्याच्या कारखान्यांत कामाला असतात, आणि रात्री देवळाच्या आवारात तालीम करतात. एखादी पार्टी नावारूपास येते तिची रीत ॲबिंग्डनच्या मुलांहून फारशी वेगळी नाही. थोरला भाऊ ताशा वाजवितो, धाकटा प्रथम खुळखुळा हालवितो, चार वर्षे नुसता ऐकतो, आणि एके वर्षी बेंजोवाला आजारी पडला म्हणजे त्याच्या जागी बसतो. मग लोक म्हणतात, ‘पोरगा बरा आहे हो!’ अलीकडे डी. जे. नामक भिंतीएवढ्या कर्ण्यांनी या मेळांच्या पोटावर पाय आणला आहे, हे मात्र खरे. माणसे वाजवीत असली तर ती थकतात आणि थांबतात. यंत्र थकत नाही.

पुतण्याची मागणी घरात आली तेव्हा काय झाले, ते सांगतो. दादा म्हणाले, ‘अभ्यासाचे काय?’ वहिनी म्हणाल्या, ‘रात्री-अपरात्री टेंपोतून हिंडणार का?’ मी म्हणालो, फार आवाज असतो. तिघांचेही बोलणे वाजवी होते, आणि तिघांपैकी एकानेही मनातले खरे कारण सांगितले नव्हते. ते आमच्या आईने सांगितले. ती म्हणाली, ‘मुलगा सतार शिकतो म्हणाला असता तर तुम्ही गुरू शोधायला धावला असता. रेडिओहेड का काय, त्यांच्यासारखे वाजवतो म्हणाला असता, तर गिटारही आणली असती. ती मुले आगरी-कोळ्यांची आहेत, हे तुम्हांला खुपते आहे.’

कोणी काही बोलले नाही. मला मात्र आमच्या दिवाणखान्यातील पेटी आठवली. त्या पेटीस आम्ही घरंदाज समजतो. परंतु तीही परदेशीच. पॅरिसमध्ये १८४२ साली देबेन याने हार्मोनियमचे पेटंट घेतले, आणि पुढे कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी तिला हाताने भाता मारण्याजोगे रूप दिले. तिच्यावरही कडाक्याचे आक्षेप आले. आकाशवाणीने तर १९४० साली तिला दारच बंद केले, ते उघडण्यास १९७१ साल उजाडले. गोविंदराव टेंब्यांसारख्या वादकांनी ज्या वाद्यास प्रतिष्ठा मिळवून दिली त्याची ही गत!

पुतण्याजवळ आणखी एक पुरावा होता, तो त्याने आजीची बाजू पाहून पुढे केला. तोच जॉनी ग्रीनवुड २०१५ साली जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्यावर येऊन राहिला. शाय बेन त्सूर हा इस्रायली संगीतकार, राजस्थानातील कव्वाल, मांगणियार, आणि वरातीत वाजतात तशी पितळी वाद्ये वाजविणारे बँडवाले यांच्याबरोबर बसून त्याने ‘जुनून’ नावाचा संग्रह ध्वनिमुद्रित केला. पुतण्याने तो आम्हांस ऐकविला. कर्णा फुंकणाऱ्याच्या मागे बसून हा जगप्रसिद्ध वादक आपली गिटार बेताने वाजवीत होता. दादा डोळे मिटून ऐकत होते. ते म्हणाले, ‘हा कर्णेवाला सुरात आहे.’ त्यांच्या तोंडून एवढे निघणे म्हणजे पुष्कळच.

शेवटी ठरले ते असे. परीक्षेच्या आधीचे दोन महिने सुपारी घ्यावयाची नाही. रात्री दहानंतर वाजवावयाचे नाही, तो तर कायदाच आहे. आणि पार्टीची तालीम दर रविवारी संध्याकाळी आमच्या पडवीत व्हावी, म्हणजे मुलगा कोठे आहे याची वहिनींस काळजी नको. ही शेवटची अट आईची. पहिल्या रविवारी आठजण आले. बिचारे इतके संकोचून बसले होते की पहिला अर्धा तास तालीम झालीच नाही. मग आईने आतून विचारले, ‘दत्ताची आरती येते का रे तुम्हांला?’ बेंजोवाल्याने नखी उचलली. चहा नेहमीच्याच कपांतून गेला. दोन कप कमी पडले, ते शेजारून आणले.

गेल्या भाद्रपदात पुतण्या पेणच्या एका मिरवणुकीत कीबोर्डवर होता. त्याचा आवाज त्या दिवशी चालू होता की बंद, हे त्याने आम्हांस अजून सांगितलेले नाही.