गटाचा फोन, गटाचं खातं

कुणी चुलीपुढं बसून ऐकत असेल, कुणी शेंगा फोडत असेल, कुणी बाळाला मांडीवर घेऊन. सगळ्या ताई, मावशी, काकूंना आमच्या गटाचा रामराम. आज आपण गटाच्या फोनबद्दल बोलणार आहोत. घरातल्या फोनबद्दल नाही बरं का, गटाच्या. ज्यावर मसाल्याच्या ऑर्डरी येतात, ज्यात बिलांचे फोटो असतात, ज्यावर बैठकीचा हिशेब भरला जातो, तो फोन.

आधी आमच्यावर काय बेतलं ते सांगतो. आमचा गट बारा जणींचा. आम्ही मिरची कांडतो आणि मसाले करतो. गटाच्या पैशातून आम्ही एक फोन घेतला. आमच्यातल्या कुणालाच तो नीट सुरू करता येईना, म्हणून सचिव ताईंच्या मुलानं सुरू करून दिला. त्यात त्यानं स्वतःचंच जीमेल खातं घातलं. पोरानं भल्यासाठीच केलं. फोन चालू झाला, आम्ही खूश झालो. हळूहळू वही मागं पडली. कुणी विचारलं तर उत्तर तयार असायचं, "फोनमध्ये आहे की सगळं."

मग वैशाखात एके दिवशी पाणी भरताना फोन ताईंच्या कमरेतून निसटला आणि हौदात पडला. उन्हात ठेवला, तांदळात ठेवला, काही उपयोग झाला नाही. आठ दिवसांनी बँकेचे साहेब नव्या कर्जासाठी हिशेब बघायला येणार होते. ताईंचा मुलगा तेव्हा पुण्यात नोकरीला. त्याला फोन लावला. तो म्हणाला, "काळजी करू नका, सगळं क्लाउडवर असतं." त्यानं खातं उघडून पाहिलं, तर बिलांचे फोटो सात महिन्यांपूर्वीच थांबलेले. त्याच्या खात्यातली जागा त्याच्याच फोटोंनी आणि व्हिडिओंनी भरली होती. त्यानंतर आपल्या फोनवरचं काही वर चढलंच नव्हतं.

तीन रात्री आम्ही बारा जणी बसलो. प्रत्येकीचं पासबुक काढलं, बँकेचं पासबुक काढलं, मिरचीच्या व्यापाऱ्याकडून त्याच्या बिलबुकातल्या नकला आणल्या. सगळं जुळवलं, तरी ६४० रुपयांचा मेळ लागेना. शेवटी ताईंनी ते स्वतःच्या बचतीतून भरले. कुणी त्यांना चोर म्हटलं नाही, पण "राहू द्या ताई" असंही कुणी म्हटलं नाही. पुढच्या दोन बैठकींना ताई आल्या नाहीत.

मैत्रिणींनो, ६४० रुपये भरून निघतात. दहा वर्षं हिशेब ठेवणाऱ्या बाईच्या मनाला जे लागलं, ते भरून यायला वेळ लागतो. आम्ही सगळ्या मिळून ताईंच्या घरी गेलो आणि सांगितलं की चूक तुमची एकटीची नाही, सगळ्यांची आहे. फोन गटाचा होता, पण त्याचं खातं, त्याची जागा, त्याचं कुलूप यातलं काहीच गटाचं नव्हतं. ताई परत आल्या. आणि आज जे नियम आम्ही तुम्हाला सांगणार आहोत, ते त्यांच्यासोबत बसूनच ठरवले.

आधी हा क्लाउड म्हणजे काय ते समजून घेऊ. क्लाउड म्हणजे ढग. पण आपली माहिती काही आभाळात नसते. ती कंपनीच्या मोठमोठ्या इमारतींत, मोठ्या संगणकांवर ठेवलेली असते आणि इंटरनेटवरून आपल्यापर्यंत येते. बँकेसारखंच समजा. आपण एका शाखेत पैसे भरतो आणि दुसऱ्या गावच्या एटीएममधून काढतो, कारण पैसे खात्यात असतात. तसंच फोन हे नुसतं दार आहे, माहिती खात्यात असते. दार मोडलं तर दुसऱ्या दारानं आत जाता येतं. पण खातं दुसऱ्याच्या नावावर असेल, तर आपण बाहेरच.

म्हणून पहिला नियम, खातं गटाचं हवं. आम्ही गटाच्या नावानं नवं जीमेल खातं उघडलं आणि तसा ठराव इतिवृत्तात लिहिला. खातं अडलं तर परत मिळवण्यासाठी गूगल एक फोन नंबर मागतं. तिथं अध्यक्षा काकूंचा नंबर दिला. गूगलच्या खात्यात फुकट जागा १५ जीबी मिळते. त्यातच मेल, फोटो आणि ड्राइव्हमधल्या फाइली सगळं बसवायचं असतं. गटाच्या कामापुरती ती पुष्कळ आहे, पण लग्नाचे व्हिडिओ, भजनाचे व्हिडिओ त्यात गेले की भरते. आणि भरली की नवं जतन होणं थांबतं. आमचं नेमकं हेच झालं होतं. आता महिन्याच्या बैठकीत जागा किती उरली ते बघतो. आणखी एक, दोन वर्षं खातं वापरलंच नाही तर गूगल ते काढून टाकू शकतं. गट काही काळ बंद पडला, तरी अधूनमधून खातं उघडत राहा.

दुसरा नियम, कुलूप दुहेरी. गटाच्या पैशाला आपण एकीची सही चालवून घेत नाही. मग माहितीला एकच किल्ली कशी चालेल? पासवर्ड लांब ठेवा. एकमेकांशी संबंध नसलेले तीन-चार शब्द जोडले की लांबही होतो आणि लक्षातही राहतो. गावाचं नाव, गटाचं नाव, मुलाची जन्मतारीख नको. त्यावर गूगलची 'दोन टप्प्यांची पडताळणी' चालू करा. मग नव्या फोनवर कुणी पासवर्ड घातला, तरी अध्यक्षांच्या फोनवर विचारणा येते. त्यांनी हो म्हटल्याशिवाय दार उघडत नाही. अध्यक्षांचा फोन बंद असेल तर? त्यासाठी गूगल दहा राखीव कोड देतं. प्रत्येक कोड एकदाच चालतो. आम्ही ते कागदावर उतरवले, पासवर्डसोबत पाकिटात घातले, पाकिटावर तिघींच्या सह्या केल्या आणि पाकीट गटाच्या पेटीत ठेवलं. फोनच्या कव्हरमध्ये चिठ्ठी ठेवणं म्हणजे कुलपालाच किल्ली लटकवणं.

फोनलाही सहा आकडी पिन हवा. १२३४५६ नको. आणि गटाचा फोन पोरांना खेळायला द्यायचा नाही. रडलं तरी नाही.

तिसरा नियम, पाहणारी वेगळी आणि लिहिणारी वेगळी. आमचा हिशेब आता गूगल शीटमध्ये आहे. ती शीट गटाच्या खात्याची. सचिव ताई आणि खजिनदार ताई आपापल्या जीमेलवरून तिच्यात लिहितात. बाकीच्या जणींना फक्त बघता येतं, बदलता येत नाही. असं केल्यानं कोणता आकडा कुणी, कधी बदलला हे शीटच्या जुन्या नोंदींत दिसतं. सचिव ताई म्हणाल्या, "हे तेव्हा असतं तर माझ्याकडं कुणी तसं बघितलं नसतं." मैत्रिणींनो, हीच गोष्ट आम्हाला तुमच्या मनात घालायची आहे. कुलूप लावलं म्हणजे सचिवावर विश्वास नाही, असं नसतं. उद्या काही कमीजास्त झालं, तर तिच्यावर बोट येऊ नये म्हणून कुलूप.

शीट वाटताना 'लिंक असलेला कोणीही' ही निवड करू नका. ती लिंक एका व्हॉट्सॲप ग्रुपवरून दुसऱ्यावर गेली की आपला हिशेब चावडीवर आला. सदस्यांच्या आधारचे फोटो तर असे कुठंही पडू देऊ नका. जिथं चालत असेल तिथं झाकलेलं आधार द्या. त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

चौथा नियम, ॲप फक्त प्ले स्टोअरवरून. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका म्हणून, गाडीचा दंड म्हणून, सरकारी योजना म्हणून फाइल येते. नावाच्या शेवटी एपीके असतं. पत्रिका कधी एपीके नसते, ती फोटो नाहीतर पीडीएफ असते. एपीके दाबून बसवलं की ते आपले मेसेज वाचू शकतं आणि त्यात बँकेचा ओटीपीही आला. तसंच कुणी फोन करून म्हणालं, "मी सांगतो ते ॲप टाका, तुमची स्क्रीन मला दिसू द्या," तर फोन ठेवून द्या. आणि हे पाठ करा. पैसे येण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे जाणार.

यूपीआयवरून आणखी एक. दोन सह्यांच्या खात्यावर यूपीआय सहसा चालत नाही, म्हणून बऱ्याच गटांचे विक्रीचे पैसे एकीच्या खात्यात येतात. आमचेही येतात. त्याला इलाज एकच. आलेली रक्कम त्याच दिवशी शीटमध्ये लिहायची आणि ठरल्या दिवशी गटाच्या खात्यात भरायची.

पाचवा नियम, पदाधिकारी बदलल्या की किल्ल्याही बदलायच्या. आपण शिक्का देतो, पासबुक देतो, चेकबुक देतो आणि पासवर्ड तोच राहतो. आमच्या यादीत आता शिक्क्याच्या खाली चार ओळी वाढल्यात. गटाच्या खात्याचा पासवर्ड बदलणे. खात्यात 'तुमची डिव्हाइस' उघडून जुने फोन बाहेर काढणे. व्हॉट्सॲपमध्ये 'लिंक केलेली डिव्हाइस' पाहणे. शीटमध्ये जुन्या सचिवाचं लिहिणं बंद करून फक्त बघणं ठेवणे. हे त्याच बैठकीत, सगळ्यांसमोर करायचं. मागाहून केलं की मनाला लागतं.

सहावा नियम, फोन हरवलाच तर काय करायचं ते आधीच लिहून ठेवा. फोनवर *#06# दाबलं की १५ आकडी आयएमईआय नंबर दिसतो. दोन सिमच्या फोनला दोन नंबर असतात. ते गटाच्या वहीत लिहा. फोन गेला की लगेच दुसऱ्या फोनवरून गटाच्या खात्यात जा. गूगलची फोन शोधण्याची सोय आहे, तिच्यातून फोन वाजवता येतो, कुलूपबंद करता येतो, शेवटी पुसूनही टाकता येतो. त्यासाठी ती सोय आधीपासून चालू हवी आणि फोनला इंटरनेट हवं. मग सिम बंद करून त्याच नंबरचं नवं सिम घ्या. पोलिसांत तक्रार द्या आणि केंद्र सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आयएमईआय देऊन फोन बंद करायला सांगा. ही सोय मे २०२३ पासून देशभर आहे. पैसे गेले असतील, तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी १९३० ला फोन करा आणि बँकेला कळवा. लाजू नका, उद्यावर टाकू नका. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता आले, तरच हाती लागतात.

आता शेवटचं. एवढं सगळं करूनही आम्ही वही बंद केलेली नाही. दर महिन्याला शीटची छापील प्रत काढतो, तिच्यावर सह्या घेतो आणि वहीला चिकटवतो. आणि तीन महिन्यांतून एकदा एक खेळ खेळतो. गटाचा फोन बाजूला ठेवायचा, म्हणायचं, "फोन हौदात पडला." मग पेटीतलं पाकीट काढायचं आणि दुसऱ्या फोनवरून खातं उघडून मागच्या आठवड्याचं बिल दाखवायचं. पहिल्यांदा खेळलो तेव्हा पाऊण तास लागला, कारण पासवर्ड लिहिताना एक अक्षर चुकलं होतं. बरं झालं, खेळात कळलं. परवा दहा मिनिटांत झालं, आणि तेही आमच्या सगळ्यांत थोरल्या मावशींनी केलं. त्या शाळेत चौथीपर्यंतच गेल्यात.

पंचसूत्रीत आपण नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित हिशेब असं म्हणतो. हिशेब आता फोनवर गेला, म्हणून फोनचं खातं आणि कुलूपही त्या पाचव्या सूत्रातच आलं असं समजा.

तेव्हा आज रात्री भांडी आवरली की एकच काम करा. गटाचा फोन हातात घ्या, सेटिंगमध्ये जाऊन गूगल दाबा आणि वर कुणाचं नाव दिसतंय ते बघा. गटाचं असेल तर छान. मुलाचं, पुतण्याचं, दुकानदाराचं असेल तर पुढच्या बैठकीचा पहिला विषय ठरला.

येतो आम्ही. रामराम.