तरंगंबाडीतील एक दिवस

दक्षिणेच्या प्रवासाचा बेत आखताना आपली मंडळी मदुराई, रामेश्वर आणि कन्याकुमारी यांवर प्रथम खूण करतात, आणि सवड उरल्यास तंजावर पाहतात. तंजावरपासून पूर्वेकडे, कावेरीचे फाटे जेथे बंगालच्या उपसागरास मिळतात त्या किनारपट्टीवर, तरंगंबाडी हे लहानसे गाव आहे. त्यासाठी एक संपूर्ण दिवस राखून ठेवावा, अशी आमची वाचकांस शिफारस आहे. पाहण्याजोगे सारे पायी फिरण्याच्या टप्प्यात आहे. घाई करणाऱ्यास ते दोन तासांत संपेल आणि हाती काहीच लागणार नाही.

आगगाडी मयिलाडुतुरैपर्यंत आहे; पुढे सुमारे तीस किलोमीटर बसने जावे लागते. १९२६ मध्ये थेट गावापर्यंत रूळ आले होते, पण तो फाटा पुढे बंद पडला. शक्य तर सकाळी लवकर पोहोचा. १७९२ सालच्या पांढऱ्या वेशीतून तुम्ही आत शिरलात की सरळ रस्ता समुद्राकडे जातो. हीच किंग स्ट्रीट. दोन्ही बाजूंस चर्चे, जुने वाडे, उंच खांबांचे ओटे. दुकानांची गर्दी येथे नाही, आणि तेच या गावाचे भाग्य म्हणावयास हवे.

हे भाग्य उतरत्या काळाने दिले. १६२० मध्ये डेन्मार्कचा दर्यावर्दी ओवे गेड्डे याने तंजावरच्या रघुनाथ नायकाशी करार करून येथे मिऱ्यांच्या व्यापारासाठी ठाणे मिळविले. नायकाने डेन्मार्कच्या राजास सुवर्णपत्रावर लिहिलेले पत्र कोपनहेगनच्या दप्तरखान्यात आजही जपलेले आहे. पुढे तंजावर भोसल्यांकडे आले आणि डेन लोकांचा वार्षिक नजराणा मराठी दरबारात जाऊ लागला. मात्र संबंध नेहमी गोडीचे नव्हते. १६९९ मध्ये तंजावरच्या फौजेने या गावास वेढाही घातला होता. १८४५ मध्ये डेन्मार्कने श्रीरामपूरसह ही वसाहत इंग्रजांस साडेबारा लाख रुपयांना विकली. इंग्रजांचे लक्ष नागपट्टणकडे वळले, व्यापार तिकडे गेला, आणि तरंगंबाडी जेथल्या तेथे थांबली.

किंग स्ट्रीटवरील १७१८ च्या न्यू जेरुसलेम चर्चमध्ये थोडा वेळ बसा. याच्या वेदीपाशी बार्थोलोमेउस त्सीगेनबाल्ग या जर्मन धर्मोपदेशकाचे दफन झाले आहे. ९ जुलै १७०६ रोजी तो येथे उतरला तेव्हा त्याचे चोविसावे वर्ष पुरे व्हावयास एक दिवस उणा होता. तमिळ शिकण्यासाठी तो गावातील मुलांच्या शाळेत जमिनीवर बसून वाळूत बोटाने अक्षरे गिरवीत असे. तुमच्याबरोबर लहान मुले असतील तर हे त्यांना अवश्य सांगा. डेन अधिकाऱ्यांशी त्याचे पटले नाही. १७०८-०९ मध्ये सुमारे चार महिने त्याला याच गावच्या किल्ल्यात कैदेत ठेवले होते. पुढे युरोपातून छापखाना आला. जर्मनीत ओतलेले तमिळ टंक फार मोठे पडले, म्हणून येथेच लहान टंक ओतले. त्यासाठी चीजच्या डब्यांची शिशाची झाकणे वितळविली, असे सांगतात. पोरैयार येथे कागदाची गिरणीही उभारली. १७१४-१५ मध्ये बायबलचा नवा करार तमिळमध्ये छापून निघाला. परंतु दक्षिणेतील देवदेवतांविषयी त्याने मन लावून लिहिलेला ग्रंथ त्याच्या वरिष्ठांना रुचला नाही. १७१३ मध्ये तयार झालेला तो ग्रंथ छापला जावयास १८६७ साल उजाडावे लागले. लेखक छत्तिसाव्या वर्षीच, १७१९ मध्ये, गेला होता.

मराठी वाचकाने येथे आणखी एक गोष्ट मनात आणावी. डेन निशाणाखालच्याच श्रीरामपुरात १८०५ मध्ये विल्यम कॅरीचे मराठी भाषेचे व्याकरण छापले गेले.

दुपारी ऊन असह्य होते. जेवण करून निवांत पडावे. किल्ला चार वाजल्यानंतरच पाहावा. डान्सबोर्ग बाहेरून पिवळसर, बैठा आणि काहीसा निरागस दिसतो. खाली कोठारे व कोठड्या, वर अधिकाऱ्यांची दालने, आणि तेथेच लहानसे संग्रहालय. मुलांना संग्रहालयापेक्षा खालच्या अंधाऱ्या कोठड्यांचे कुतूहल अधिक वाटेल. त्यांना रोखू नका. त्सीगेनबाल्गची कैद तेथे अधिक नीट समजते.

मग समुद्राकडे चला. मासिलामणी नाथाचे शिवमंदिर अगदी पाण्याच्या कडेला आहे. १३०६ मध्ये पांड्य राजा मारवर्मन् कुलशेखर याच्या काळात ते बांधले गेले. डेन जहाज येण्यापूर्वी तीनशे वर्षे हे देऊळ येथे होते. गावाचे जुने नाव षडंगन्‌पाडी, ते येथील शिलालेखातूनच कळते. जुन्या मंदिराचा बराच भाग समुद्राने नेला आहे. लाटा अडविण्यासाठी मोठमोठे दगड रचलेले दिसतील. त्यांवर मुलांना चढू देऊ नका.

समुद्र येथे शोभेची वस्तू नाही. २६ डिसेंबर २००४ रोजी सकाळी आलेल्या त्सुनामीने किनाऱ्यावरील कोळीवस्ती उद्ध्वस्त केली आणि या गावातील शेकडो माणसे बुडाली. त्यानंतर पडझड झालेल्या काही जुन्या घरांची डागडुजी झाली, वस्ती पुन्हा वसली, होड्या पुन्हा निघू लागल्या. संध्याकाळी किनाऱ्यावर जाळी विणणारे कोळी भेटतील. त्यांचे छायाचित्र घेण्याआधी परवानगी विचारा, आणि त्या दिवसाविषयी आपण होऊन प्रश्न करू नका.

रात्री मुक्काम करून दुसऱ्या दिवशी तंजावरला जावे. तरंगंबाडीत १७५० मध्ये उतरलेला श्वार्ट्‌झ हा धर्मोपदेशक पुढे तेथे सरफोजी राजांचा पालक व शिक्षक झाला. त्याच सरफोजींनी बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ मध्ये कोरविलेला भोसले कुळाचा मराठी वृत्तान्त देवनागरीत आहे. काही ओळी मुलांना वाचावयास लावा.